गच्चीवर शिल्प ठेवायचे आहे? आधी खालचा कॉलम शोधा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कार्यालयांच्या इमारतींवर लोकांना खुल्या असलेल्या गच्चीबागा वाढू लागल्या, तसे तिथे शिल्प ठेवण्याविषयीचे प्रश्नही आमच्याकडे येऊ लागले. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. इमारतींचे हिशेब करणारे, ओतकाम करणारे आणि देखभाल पाहणारे अशा तिघांनी मिळून उत्तरे दिली आहेत. आकडे ढोबळ आहेत. तुमच्या इमारतीचा हिशेब तुमच्याच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्यावा लागेल.

प्रश्न : आमच्या दहा मजली कार्यालयाच्या गच्चीबागेत मधोमध साडेसहा फुटी ग्रॅनाइटचे शिल्प ठेवायचे आहे. वजन सुमारे दोन टन. शिल्पकार म्हणतात, "एवढी मोठी गच्ची आहे, दोन टनांनी काय होते?" त्यांचे खरे आहे का? (व्यवस्थापक, अंधेरी)

गच्ची किती मोठी आहे हे इथे गौण आहे. ते दोन टन नेमके कुठे टेकणार, यावर सगळे ठरते. भारतीय मानक आयएस ८७५च्या दुसऱ्या भागानुसार, ज्या गच्चीवर माणसे जाऊ शकतात तिच्यासाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, एवढा वापराचा भार धरतात. तुमचा दगड ०.६ बाय ०.६ मीटर बुडाचा आणि २ मीटर उंचीचा धरला, तर घनफळ ०.७२ घनमीटर होते आणि वजन सुमारे १,९४० किलो. हे सगळे वजन ०.३६ चौरस मीटरवर येते, म्हणजे चौरस मीटरला ५ टनांहून जास्त. स्लॅबच्या मधोमध हे ठेवणे म्हणजे संकटाला आवतण आहे.

त्यात बाग आधीच केलेली आहे. ओल्या लाल मातीचे वजन घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास असते. नुसता ३०० मिमीचा थर दिला तरी चौरस मीटरला ५४० किलो होतात. कोकोपीट-परलाइटचे हलके मिश्रण पाणी पिऊन साधारण १,००० किलोवर जाते, तरी ३०० किलो होतातच. शिल्पाचा विचार करण्याआधी मातीचाच हिशेब झाला आहे का, हे विचारा. अनेक ठिकाणी तो झालेला नसतो.

पुढचे काम असे. इमारतीचे मूळ आरसीसी नकाशे काढा आणि कॉलमची जाळी गच्चीवर खडूने आखून घ्या. शिल्प कॉलमच्या डोक्यावर आणा. बागेची आखणी त्यासाठी बदलावी लागली तर बदला. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या कैसर सेंटरवर १९६० साली वाहनतळाच्या छतावर साडेतीन एकरांची बाग झाली. तिथे मोठी झाडे खालच्या कॉलमच्या नेमक्या वर लावली होती. जड शिल्पालाही हाच न्याय. कॉलम हव्या त्या जागी नसेल, तर दोन कॉलमवर पोलादी बीम टाकून शिल्प त्या बीमवर उभे करता येते. बीम आणि स्लॅब यांत बोटभर फट ठेवायची, म्हणजे स्लॅबवर काहीच येत नाही. मुंबईतल्या काही इमारतींत वाढीव मजल्याची सोय ठेवून कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या असतात. अशा ठिकाणी ताकद शिल्लक असू शकते, पण ती नकाशात लिहिलेली पाहिजे. वॉचमनने सांगितलेली चालत नाही.

इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर मुंबई महापालिकेच्या कायद्यानुसार स्ट्रक्चरल ऑडिट तसेही करावेच लागते. ते आधी होऊ द्या.

आणखी एक भार हिशेबात नेहमी राहून जातो, तो उद्घाटनाचा. शिल्पाभोवती माणसे खेटून उभी राहिली की चौरस मीटरला सहज ३०० किलो होतात. म्हणूनच मानकात गर्दीच्या, बाकडी नसलेल्या जागेसाठी १.५ऐवजी ५ किलोन्यूटन सांगितले आहेत. तुमची गच्ची लोकांना खुली असेल, तर इंजिनिअरला हा आकडा धरूनच हिशेब करायला सांगा.

प्रश्न : वॉटरप्रूफिंगला भोक पडू नये म्हणून शिल्प बोल्टने न बांधता नुसत्या जड बैठकीवर उभे करायचे आहे. शिल्प म्हणजे १.२ बाय २.५ मीटरचा पोलादी पत्रा, इमारत बारा मजली. चालेल का? (वास्तुरचनाकार, बाणेर, पुणे)

हिशेब करून पाहू. पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग मानकात सेकंदाला ३९ मीटर आहे. शहरी वस्तीत ४५ मीटर उंचीवर तो सुमारे १.१ पट धरावा लागतो, म्हणजे ४३ मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १,१०० न्यूटन, म्हणजे ११३ किलो. पत्रा ३ चौरस मीटरचा आणि आकाराचा गुणक १.२ धरला, तर आडवा धक्का ४०० किलोंच्या पुढे जातो. तो बैठकीच्या तळापासून दीड मीटरच्या आसपास लागतो. दोन मीटर चौरस बैठक घेतली आणि उलटण्याविरुद्धची सुरक्षितता मानकाप्रमाणे ठेवली, तर बैठकीसह एकूण वजन ९०० किलोंच्या वर हवे. चार चौरस मीटरवर ते २२५ किलोंच्या पुढे जाते, म्हणजे गच्चीच्या १५० किलोंच्या मर्यादेबाहेर. शिवाय वारा लागला की हे वजन सगळीकडे सारखे न राहता एका कडेवर सरकते. हाच पत्रा मुंबईत असता तर मूळ वेग ४४ मीटर धरावा लागला असता आणि वजन साडेअकराशेच्या पुढे गेले असते.

म्हणजे तुमच्या आकाराला नुसती जड बैठक पुरणार नाही. दोन मार्ग उरतात. पत्र्यात जाळी, फटी, भोके काढून वारा आरपार जाऊ द्या. वर्तुळाकार नळ्यांचे किंवा सळयांचे मोकळे शिल्प असेल तर धक्का बराच कमी होतो. आमचे मत विचाराल तर उंच इमारतीच्या गच्चीवर मोकळे शिल्पच शोभते. भरीव पाटीमागे आकाश झाकले जाते आणि पैसे बोल्टवर जातात.

दुसरा मार्ग कॉलमवर ठोकळा काढण्याचा. कॉलमच्या जागी ब्रिकबॅट कोबा साधारण ६०० मिमी चौरसात कॉलमपर्यंत काढायचा. कोब्यात बोल्ट कधीही घालू नका. तो विटांच्या तुकड्यांचा भुसभुशीत थर असतो, त्यात बोल्ट पहिल्याच पावसाळ्यात हलू लागतो. कॉलममध्ये रासायनिक अँकरने सळया रोवून ४५० मिमी चौरस ठोकळा ओतायचा आणि तो तयार फरशीच्या वर निदान ३०० मिमी आणायचा. बोल्ट ओतकामातच बसवायचे. एम२० मापाचे चार बोल्ट, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. मेम्ब्रेन, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा पडदा, ठोकळ्याच्या चारही बाजूंनी किमान १५० मिमी वर चढवून खाचेत दाबायचे आणि वरून धातूची पट्टी द्यायची. म्हणजे भोक मेम्ब्रेनच्या पातळीवर पडतच नाही, त्याच्या वर राहते. मग गच्चीत पाणी भरून ४८ तास चाचणी घ्या. शिल्प त्यानंतर. नंतर गळती निघाली तर शिल्प उतरवावे लागते, आणि तो खर्च कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

बेसप्लेट खालच्या नटांवर समतल करून २५ ते ४० मिमीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे पातळ सिमेंटी मालाने, भरा आणि ग्राउटच्या कडेला बाहेर उतार द्या. स्टेनलेसचे नट स्टेनलेसच्या बोल्टवर घासून जाम होतात. आट्यांना अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे वंगण, लावल्याशिवाय आवळू नका, नाहीतर ते ना पुढे जाणार ना मागे.

एक धोक्याची सूचना. नव्या कार्यालयीन इमारतींचे स्लॅब पुष्कळदा पोस्ट-टेन्शन्ड असतात. त्यात ताणलेल्या केबल असतात. ड्रिलने एखादी तुटली तर स्लॅब कमकुवत होतोच, शिवाय जवळच्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. नकाशा आणि रडार स्कॅन पाहिल्याशिवाय एकही भोक नको.

गच्चीच्या कडेला आणि कोपऱ्यात वारा भोवऱ्यासारखा उसळतो. निदान शिल्पाच्या उंचीइतके अंतर कठड्यापासून सोडा.

प्रश्न : नरिमन पॉइंटच्या एका गच्चीसाठी काम मिळाले आहे. ग्राहकाला गंजलेल्या रंगाचे कॉर्टेन स्टील हवे आहे. मी ब्राँझ किंवा सिमेंट सुचवतो आहे. योग्य काय? (शिल्पकार, कोल्हापूर)

कॉर्टेन नको. त्याचा गंज संरक्षक थर होतो, पण त्यासाठी ओले होणे आणि पूर्ण वाळणे हे चक्र आळीपाळीने चालावे लागते आणि हवेत मीठ कमी असावे लागते. समुद्राकाठी, चार महिने ओल्या राहणाऱ्या मुंबईत हा थर स्थिरावत नाही, पापुद्रे सुटत राहतात. शिवाय पहिले काही पावसाळे तांबडे पाणी फरशीवर, कठड्यावर आणि तिथून दर्शनी भिंतीवर उतरते. ग्राहक रंगावर अडून बसला असेल, तर ॲल्युमिनियमवर तसा रंग देणे सोपे आहे. वजनही जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येते. ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५.

ब्राँझ चांगले, आणि वाटते तेवढे जडही नाही, कारण ते पोकळ असते. मेणाच्या साच्यातून ओतलेला ५ मिमी जाडीचा थर पृष्ठभागाच्या चौरस मीटरला ४४ किलो भरतो. आतला सांगाडा मात्र साध्या लोखंडाचा करू नका. ब्राँझच्या संगतीत, ओलीत, लोखंडच आधी खाल्ले जाते, आणि ते आत असल्याने कुणाला दिसत नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. त्याच्या चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे पुढे आली. तुमचे काम लहान असले तरी खारा वारा तोच आहे. सांगाडा ३१६ स्टेनलेसचा करा, सांगाडा पाहण्यासाठी एक झाकण ठेवा, आणि वेल्डिंगनंतर पिकलिंग पेस्टने काळपट पट्टा काढून टाका.

सिमेंटचा प्रश्न अवघड आहे. शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी सिमेंटमध्ये केलेली कामे अलिबागजवळ सासवण्याच्या शिल्पालयात आहेत, तेव्हा माध्यम हलके नाही हे तुम्हाला सांगायला नको. पण आत सळई असेल तर आयएस ४५६प्रमाणे किनाऱ्यावरच्या हवेत तिच्यावर ४५ मिमी सिमेंटचे आवरण हवे आणि खारे तुषार पोचत असतील तर ५० मिमी. बोटे, कान, पदराची कड यांत ते मिळणे शक्य नाही. आतली सळई गंजून फुगते आणि बोट तुटून खाली पडते. बारीक भागांत स्टेनलेस किंवा काचतंतूची सळई घाला.

फायबर, म्हणजे एफआरपी, हलके आणि स्वस्त. पण साध्या पॉलिएस्टरचा पृष्ठभाग उन्हाने काही वर्षांतच खडूसारखा पांढुरका होतो, आणि तो जळतो. घ्यायचेच असेल तर आयसोफ्थॅलिक, अतिनील किरणांना टिकणारा जेलकोट आणि अग्निरोधक रेझिन असे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

दगडाच्या दोन तुकड्यांच्या सांध्यात लोखंडी खुंटी कधीच नको. गंजताना ती फुगते आणि दगड उभा चिरते.

प्रश्न : शिल्प गच्चीपर्यंत न्यायचे कसे? क्रेनचा खर्च ऐकून धाडस होत नाही. (ठाणे)

शिल्प लिफ्टच्या मापाने घडवा. आपल्याकडे लिफ्टचे वजन माणशी ६८ किलोने मोजतात. तेरा माणसांची लिफ्ट म्हणजे ८८४ किलो, वीस माणसांची १,३६० किलो. त्यात ट्रॉली आणि दोन माणसे वजा करा. दरवाजा बहुधा ८०० ते १,००० मिमीच असतो आणि आतली उंची शिल्पाच्या तुकड्यापेक्षा आधी मोजलेली बरी. शेवटच्या मजल्यावरून गच्चीवर जायला पुष्कळदा फक्त जिना असतो, हे विसरू नका. तिथे १०० किलोंवरचा प्रत्येक तुकडा चेनपुलीने चढवावा लागतो. म्हणून तुकडे आणि बोल्टचे सांधे शिल्पकाराने पहिल्या रेखाटनातच ठरवावेत. क्रेन लागलीच तर रविवारी पहाटे लावा, वाहतूक पोलिसांची परवानगी आधी घ्या आणि क्रेनचे पाय खालच्या तळघराच्या छतावर येत नाहीत ना ते पाहा. दर्शनी काच धुणारा पाळणा गच्चीवरच्या रुळांवर फिरत असेल, तर त्याच्या वाटेत शिल्प येता कामा नये.

प्रश्न : वाशीच्या आमच्या गच्चीवरच्या स्टेनलेस स्टीलच्या शिल्पावर वर्षभरात तपकिरी डाग आले. बनवणाऱ्याने ३०४ऐवजी हलका माल वापरला असेल का? (देखभाल अधिकारी)

३०४ वापरला असेल तरी असे होते. खाडी-समुद्राजवळ ३१६ हवे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच मिठाशी झुंजते. लोहचुंबक लावून हे कळत नाही, कारण दोन्ही प्रती जवळपास सारख्याच वागतात. बाजारात मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या थेंब-चाचणीचे किट मिळते, ते वापरा.

डाग कुठे आहेत ते नीट पाहा. पावसाने धुतल्या जाणाऱ्या भागांवर ते कमी असतात, खालच्या, वळचणीच्या भागांवर जास्त. मीठ साचते आणि धुतले जात नाही, हे कारण. म्हणून नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा, खालची बाजू आठवणीने. डाग काढायला ऑक्झॅलिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचे स्टेनलेससाठीचेच क्लीनर घ्या आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. संडास धुण्याचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते स्टेनलेसला खड्डे पाडते. लोखंडी काथ्याही नको, त्याचे कण रुततात आणि तेच गंजतात. खरखरीत फिनिशवर मीठ अडकते, पुढच्या वेळी गुळगुळीत पॉलिश मागा.

प्रश्न : शिकागोच्या 'क्लाउड गेट'सारखे आरशासारखे शिल्प गच्चीवर करता येईल का? (पवई)

गंमत म्हणजे तेही गच्चीवरच आहे. ते ज्या बागेत आहे ते मिलेनियम पार्क २००४ साली वाहनतळ आणि रेल्वेमार्गांवर बांधलेल्या छतावर झाले. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे हे शिल्प १६८ पत्र्यांचे, सुमारे १०० टनांचे आहे. त्याचा वरचा भाग बाहेर फुगलेला आहे आणि आत वळलेला भाग खालच्या बाजूला आहे, जिथे ऊन थेट येत नाही. तुमच्या शिल्पात हीच गोष्ट सांभाळा. आत वळलेला चकचकीत पृष्ठभाग ऊन एकवटतो, आणि तेही वळणाच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर. त्रिज्या सहा मीटर असेल तर तीन मीटरवर, म्हणजे नेमके बाकडे किंवा हिरवळ असेल तिथे. लंडनच्या २० फेन्चर्च स्ट्रीट इमारतीच्या आत वळलेल्या काचेने २०१३ साली रस्त्यावरच्या गाडीचे भाग वितळले होते. दक्षिण-पश्चिमेकडे तोंड करून आत वळलेला आरसा नकोच. तिथे सॅटिन फिनिश द्या. समोरच्या कार्यालयात झगमगाट जातो का, तेही सकाळ-संध्याकाळ पत्र्याचा तुकडा धरून तपासा.

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोत राहते. इथे कार्यालयांच्या गच्चीबागा आम्हालाही खुल्या असतात आणि शिल्पेही दिसतात. हे कसे जमले? (एक वाचक)

नियमामुळे. १९८५च्या डाउनटाउन प्लॅनने व्यापारी भागातल्या नव्या कार्यालयांना दर ५० चौरस फुटांमागे १ चौरस फूट खुली जागा लोकांसाठी देणे बंधनकारक केले, आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का सार्वजनिक कलेवर घालायला लावले. खुली जागा जमिनीवर नसेल तर गच्चीवर. सॅन्सोम स्ट्रीटवरील ३४३ क्रमांकाच्या इमारतीच्या पंधराव्या मजल्यावर कलावंत जोन ब्राऊन यांचा टाइल्सनी मढवलेला स्तंभ याच व्यवस्थेतून दिसतो. अशी जागा बहुधा कार्यालयीन वेळेतच खुली असते.

याच ब्राऊन १९९० साली आंध्रात पुट्टपर्तीला स्तंभ बसवत असताना इमारतीचा बुरूज कोसळून दोन सहकाऱ्यांसह मृत्युमुखी पडल्या. शिल्प बसवताना वरच्या आणि बाजूच्या बांधकामाचीही तपासणी करायची असते, ती याचसाठी.

टाइलचे शिल्प आपल्याकडे करायचे तर साधा सिमेंटचा माल नको. गच्चीवर ऊन-पावसाने सांगाडा रोज आकुंचन-प्रसरण पावतो. पॉलिमरयुक्त चिकटद्रव्य, टाइलमध्ये किमान ३ मिमी सांधा आणि माथ्यावर पाणी न साचेल असा उतार हवा.

प्रश्न : पोकळ शिल्पात मधमाश्यांनी पोळे केले आहे आणि आत पाणी डुचमळते. काय करावे? (नाशिक)

पोळे जाणकाराकडून हलवा, धूर-फवारणी नको. मग शिल्पाच्या सर्वांत खालच्या बिंदूला १२ मिमीचे भोक पाडा आणि त्याला स्टेनलेसची बारीक जाळी लावा. वरचे सांधे सीलंटने बंद करा, पण खालचे भोक कधीही नाही. आठ-दहा दिवसांत साचल्या पाण्यात डास तयार होतात, तेव्हा पावसाळ्यात आठवड्याला एकदा भोक मोकळे आहे का ते काडी घालून पाहा. कबुतरे बसू नयेत म्हणून शिल्पाचे सपाट काठ ४५ अंशांहून तिरके ठेवणे हा एकच उपाय टिकतो. ब्राँझवरची विष्ठा त्याच दिवशी धुवा. त्यातले आम्ल पॅटिना, म्हणजे ब्राँझवरचा रंगीत थर, खाते. सौम्य, आम्लरहित साबणाने धुऊन, वाळवून, मेणाचा पातळ हात पावसाळ्याआधी आणि नंतर द्यावा.

प्रश्न : परवानग्या कोणत्या? (वांद्रे-कुर्ला संकुल)

विमानतळाजवळ असाल तर विमानतळ प्राधिकरणाच्या ना हरकत पत्रातली उंची आधी पाहा. ती समुद्रसपाटीपासून मोजलेली असते आणि तीत टाकी, अँटेना, वीजरोधक असे सगळे धरलेले असते. शिल्पही धरले जाणार. रेफ्यूज एरियात, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेल्या जागेत, आणि जिन्याच्या तोंडाशी काहीही ठेवता येत नाही, अग्निशमन दल ते हटवायला लावते. धातूचे शिल्प गच्चीवरच्या वीजरोधक जाळीपेक्षा उंच जात असेल, तर ते २५ बाय ३ मिमीच्या तांब्याच्या पट्टीने त्या जाळीला जोडून घ्या. शिल्प ॲल्युमिनियमचे असेल तर दोन धातूंमधला खास जोड वापरा. राष्ट्रपुरुषाचा पुतळा असेल तर राज्य शासनाचे वेगळे नियम आहेत. त्यात मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. गच्ची लोकांना खुली असेल तर ओतकामाचा आगाऊ देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारून घ्या.